स्टिकर सगळ्यात शेवटी वाचा: छोट्या कारागिरांच्या जुन्या माउंटन बाइक फ्रेम कशा ओळखाव्यात

जुनी माउंटन बाइक समोर आली की आधी चाकं काढा, फ्रेम उलटी करा आणि तळ बघा. बहुतेक लोक खालच्या दांडीवरचं नाव वाचतात आणि तिथेच अर्धा निर्णय करून टाकतात. खरं तर नाव हा त्या फ्रेमवरचा सगळ्यात कच्चा पुरावा आहे. तीस-चाळीस वर्षांत रंग कितीदा मारला गेला असेल सांगता येत नाही, जुन्या नावांचे हुबेहूब स्टिकर आज नव्याने छापून मिळतात, आणि सायकलच्या धंद्यात नावं विकलीही जातात. नळ्यांचे जोड, मागच्या चाकाच्या खाचा, ब्रेकच्या खुंट्यांची जागा, नळीचं आतलं माप या गोष्टी मात्र सहजासहजी बदलत नाहीत. बदलल्या तर खूण मागे राहते.

मी जोडांपासून सुरुवात करते, कारण जोड तपासणं हाच माझा धंदा आहे. सांगलीला मेकॅनिकल शिकले, काही वर्षं पिंपरीत प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाक्यांच्या, वेल्डिंगची तपासणी केली आणि आता सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर तेच काम करते. खाडीपलीकडे मरिन काउंटी आहे. माउंटन बाइक जिथे आकाराला आली तो हा मुलूख, त्यामुळे इथल्या गॅरेज सेलमध्ये आणि स्वॅप मीटमध्ये जुन्या फ्रेम अजूनही निघतात. मुंबई-पुण्याहून इथे आलेले ओळखीचे लोक दर काही महिन्यांनी एखाद्या फ्रेमचे फोटो पाठवून विचारतात, "ही घेऊ का?" त्यांना तुकड्यातुकड्याने जे सांगत आले ते इथे एकत्र लिहिते आहे.

या फ्रेम कुठून आल्या

१९७० च्या दशकात मरिनमधली पोरं १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या श्विन सायकली घेऊन माउंट टॅमलपायसच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवरून सुसाट खाली यायची. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली शर्यत झाली. साधारण तीन किलोमीटरच्या वाटेत जवळजवळ ४०० मीटर खाली. मागच्या हबमधला पायाने लावायचा ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. त्यावरूनच त्या उताराला 'रीपॅक' म्हणू लागले.

जुन्या फ्रेम हा मार सोसायच्या नाहीत. मग शर्यत करणाऱ्यांपैकीच जो ब्रीझ या तरुणाने १९७७-७८ मध्ये खास या कामासाठी दहा फ्रेम बनवल्या. क्रोमोली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाच्या, निकेलचा मुलामा दिलेल्या. त्यांची खूण लांबूनही ओळखू येते: हेड ट्यूबपासून, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या उभ्या नळीपासून, निघून सीटच्या नळीच्या दोन्ही बाजूंनी थेट मागच्या चाकापर्यंत गेलेल्या दोन बारीक तिरक्या नळ्या. त्यांतली पहिली आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी 'माउंटनबाइक्स' नावाने धंदा सुरू केला तेव्हा फ्रेम बनवायचा टॉम रिची. १९८१ मध्ये जपानमध्ये बनलेली स्पेशलाइज्डची स्टंपजंपर बाजारात आली आणि कारखान्यांचं युग सुरू झालं.

कारखाने आले तरी छोटे कारागीर थांबले नाहीत. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत एकेका शेडमध्ये एक-दोन माणसं, फार तर दहा-पंधरा, वर्षाला थोड्याच फ्रेम काढत होती. मी बोलते आहे ते या फ्रेमबद्दल, आणि त्यातही मुख्यतः उत्तर कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स इथल्या.

जोड बघायला शिका

आपल्याकडची काळी, उंच, दांडीवर पोरांना बसवायची सायकल आठवा. तिच्या नळ्या जिथे मिळतात तिथे एक टोपीसारखी बाही असते. तिला लग म्हणतात. नळी त्या बाहीत घालायची, तापवायची आणि फटीत वितळलेलं पितळ ओढू द्यायचं. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात जुन्या सायकली जवळून बघता येतात. जोड समजून घ्यायचे तर तिथे एक चक्कर मारावी.

माउंटन बाइक बनवणाऱ्यांना लग परवडणारे नव्हते. त्या काळचे लग रस्त्याच्या सायकलींच्या बारीक नळ्यांसाठी आणि ठरावीक कोनांसाठी ओतलेले असत. इथे तर वरची दांडी २८.६ मिलिमीटर आणि खालची ३१.८ हवी होती, कोनही वेगळे. म्हणून रिचीसारख्यांनी लग सोडून दिला. एका नळीचं तोंड दुसरीच्या गोलाईला चपखल बसेल असं कापायचं, फ्लक्स (तापलेला धातू स्वच्छ ठेवणारा लेप) लावायचा आणि कोपऱ्यात ब्राँझ भरत जायचं. याला फिलेट ब्रेझिंग म्हणतात. ब्राँझ ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, पोलाद १५०० च्या जवळ. म्हणजे नळी वितळत नाही, ब्राँझ तिला घट्ट धरतं. मग गोल कानस आणि पॉलिश पेपरची पट्टी घेऊन तो कोपरा घासून काढायचा. चांगला फिलेट मडक्याच्या गळ्यासारखा असतो, एक वळण दुसऱ्यात कुठे मिसळलं ते बोटाला कळत नाही.

दुसरी पद्धत टिग वेल्डिंगची. इथे नळीच वितळते आणि बारीक सळईतून धातू भरला जातो. जोडाभोवती एकमेकांवर चढलेल्या बारीक लहरी दिसतात. हे काम लवकर होतं, घासावं लागत नाही, वजन थोडं कमी राहतं. म्हणून १९८०च्या दशकात एकेक कारागीर इकडे वळला. फिलेट म्हणजे भारी आणि टिग म्हणजे हलकं, असं अनेक संग्राहक मानतात. मला ते अजिबात पटत नाही. टिगमध्ये चूक लपवता येत नाही. फिलेटमध्ये कानशीने बरंच काही झाकता येतं.

म्हणून जोड बघायचा तो कारागिराचा हात जिथे नीट पोहोचत नाही तिथे. समोरून दिसणारा हेड ट्यूबचा जोड सगळेच छान करतात. तुम्ही बॉटम ब्रॅकेटच्या मागे जा. क्रँकचा अ‍ॅक्सल ज्या आडव्या नळीत फिरतो तिच्या मागून दोन चेनस्टे निघतात, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या. त्या दोघींच्या मधल्या चिंचोळ्या फटीत एका बाजूने टॉर्च मारा, समोरून नको. आडवा प्रकाश पडला की उंचसखलपणा सावल्यांनी उठून दिसतो. फिलेटची फ्रेम असेल तर या फटीत कानस पूर्ण फिरत नाही, त्यामुळे ब्राँझ जसं थिजलं तसंच दिसतं: बारीक, समान अंतरावरच्या लाटा. त्या लाटा एकसारख्या असतील तर बनवणाऱ्याचा हात स्थिर होता आणि आच त्याच्या ताब्यात होती. कुठे गोळा झालाय, कुठे बारीक भोकं पडलीत असं दिसलं तर पुढच्या सुबक फिलेटवर विश्वास ठेवू नका.

आता करंगळीचं नख घ्या आणि फिलेटच्या कडेवर नळीच्या लांबीने हळू ओढा. ब्राँझ संपून पोलाद सुरू होतं तिथे नख अडकलं, एखादी बारीक चर लागली, तर कानस नळीत शिरलेली आहे. नळीची भिंत जोडाजवळ जेमतेम ०.९ मिलिमीटर असते. त्यातला एक दशांश मिलिमीटर गेला तरी तडा जायचा तो तिथूनच जातो. टिगमध्येही हाच दोष येतो, वेल्डच्या कडेला नळी खाल्ली गेलेली असते. रंगाच्या थराखाली हे डोळ्याला दिसत नाही पण नखाला कळतं. माझ्या कामात यासाठी गेज असतात, तरी सवयीने नख आधी जातं.

टायटॅनियमची फ्रेम असेल तर एक जास्तीचा पुरावा हातात असतो. मॅसॅच्युसेट्सच्या मर्लिनने १९८६ पासून टायटॅनियमच्या फ्रेम बनवल्या, रंग न देता. हा धातू तापलेला असताना हवा लागली की रंग बदलतो. जोडाशेजारी चंदेरी किंवा फिकट गवती छटा असेल तर वेल्डिंग करताना हवा दूर ठेवणाऱ्या आर्गॉन वायूचं आवरण नीट होतं. गडद निळी किंवा पांढुरकी पूड दिसणारी छटा म्हणजे जोड ठिसूळ असण्याची शक्यता. अर्थात वरवरचा रंग घासून काढता येतो, म्हणून घासल्याच्या खुणाही बघा.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल एकच नाव पुरेसं आहे: चार्ली कनिंगहॅम, फेअरफॅक्स. बाकी सगळे पोलादात असताना १९७० च्या दशकाच्या अखेरीस याने जाड व्यासाच्या अ‍ॅल्युमिनियम नळ्यांची फ्रेम बनवली. वेल्डिंगने अ‍ॅल्युमिनियम मऊ पडतं, म्हणून पूर्ण फ्रेम पुन्हा उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक करायची. उघडा, रंग नसलेला धातू, वळलेलं ड्रॉप हँडल आणि स्वतः बनवलेले भाग ही त्याची ओळख. अशी फ्रेम गॅरेज सेलमध्ये सापडणार नाही. फेअरफॅक्समध्ये २०१५ पासून मरिन म्युझियम ऑफ बायसिकलिंग आहे, माउंटन बाइक हॉल ऑफ फेमही तिथेच हलवला आहे. जुन्या फ्रेम शेजारी शेजारी ठेवलेल्या बघायच्या तर तिथे जा, आणि पहिल्या फेरीत पाट्या वाचू नका.

प्रत्येकाची सही कुठे असते

जोडांवरून हात चांगला की वाईट ते कळतं. हात कोणाचा ते कळायला टोकं बघावी लागतात: ब्रेकचा पूल म्हणजे मागच्या ब्रेकसाठी दोन नळ्यांमध्ये जोडलेली आडवी नळी, चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय, केबलचे थांबे, ड्रॉपआउट म्हणजे मागचं चाक ज्या खाचेत बसतं ती पट्टी. कारागीर आपला विचार इथे मांडतो.

स्कॉट निकोलच्या आयबिसवर मागच्या ब्रेकची केबल जिथे अडकते तिथे एक छोटासा धातूचा हात असतो, केबल धरून ठेवलेला. तो बघितला की नाव शोधायची गरजच नाही. सांताक्रूझच्या कीथ बॉन्ट्रेगरच्या फ्रेमवर हेड ट्यूबजवळ नळ्यांना पातळ पत्र्याचे आधार जोडलेले दिसतात. शोभेसाठी नाहीत ते. उतारावर पुढच्या चाकाचा दणका नेमका हेड ट्यूबमागे खालच्या दांडीच्या पोटाला बसतो. आधाराच्या पत्र्याने तो ताण वेल्डच्या कडेवर न साचता पुढे पसरतो. ते पत्रे मी पहिल्यांदा जवळून बघितले तेव्हा बराच वेळ तिथेच थांबले. प्रेशर व्हेसलच्या नोझलभोवती आम्ही जे रिएन्फोर्समेंट पॅड लावतो, त्यामागेही ताण पसरवायचाच विचार असतो.

मॅसॅच्युसेट्समधल्या समरव्हिलला क्रिस चान्सने १९८२ मध्ये फॅट सिटी सायकल्स सुरू केली. त्यांच्या फ्रेम टिगच्या. १९९० मध्ये आलेली यो एडी ही त्यांची सगळ्यात गाजलेली. तिचा चिमटा बघा: वाकवलेल्या नळ्या नाहीत, सरळ पाय वरच्या तुकड्यांना कोनात कापून जोडलेले. वाकवायला नळी मऊ आणि पातळ असावी लागते. सरळ पायाला जाड व्यासाची, कडक नळी वापरता येते. न्यू इंग्लंडच्या मुळांनी आणि दगडांनी भरलेल्या अरुंद वाटांवर चिमटा नेमका वळला पाहिजे, ही त्यामागची गरज. मरिनचे उतार मोकळे आणि लांब, तिथे लोकांनी वेगळं मागितलं. फ्रेम कुठल्या जमिनीसाठी बनली ते ओळखता आलं की ती कुठल्या भागातली असावी याचा अंदाज बांधता येतो.

स्टीव्ह पॉट्सचे जोड, चिको गावच्या जेफ लिंडसेच्या माउंटन गोटवरची रंगकला, पेटलुमाच्या रॉस शेफरच्या साल्साचे स्टेम (हँडल चिमट्याला जोडणारा तुकडा), व्हँकुव्हरच्या पॉल ब्रोडीची मागे उतरत जाणारी वरची दांडी. यातली प्रत्येक गोष्ट बघून बघूनच डोळ्यात बसते. रिचीच्या सुरुवातीच्या फ्रेमवर मूळ हँडल असेल तर ते त्रिकोणी असतं, हँडल आणि स्टेम एकच. पण हँडल बदलता येतं, म्हणून त्याला पुराव्यात खालची जागा द्या.

ड्रॉपआउटवर जास्त विसंबू नका. अनेक कारागीर ते स्वतः बनवत नसत, तयार घेत. रिचमंडच्या पॅरागॉन मशीन वर्क्सचे ड्रॉपआउट कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या फ्रेमवर सापडतात.

साल काढायचं असेल तर

व्हर्नियर कॅलिपर आणि मोबाइलमधलं कोन मोजायचं अ‍ॅप, एवढं पुरतं.

मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं अंतर मोजा. १२६ मिलिमीटर असेल तर १९८०च्या दशकाचा पूर्वार्ध, १३० असेल तर त्याच्या पुढचा काळ, १३५ असेल तर दशकाचा शेवट किंवा नंतर. कनिंगहॅम याला अपवाद. त्याने रुंद हब फार आधी वापरला. आणि पोलादाची फ्रेम मागून फाकवता येते, म्हणून एवढ्या एका मापावर साल ठरवू नका.

हेड ट्यूबमधून जाणारा चिमट्याचा दांडा २५.४ मिलिमीटरचा म्हणजे जुना, १९८०च्या दशकातला. २८.६ चा १९९० च्या सुमारास रूढ झाला. ३१.८ दिसला तर गॅरी फिशरने पुढे आणलेला इव्होल्यूशन आकार असू शकतो. दांड्याला आटे नसतील, हेडसेट (त्या दांड्यावरचा बेअरिंगचा संच) वरून दाबून बसणारा असेल, तर १९९० च्या आधीचा नाही.

ब्रेकच्या खुंट्यांची जागा सालाबद्दल फार बोलते. साध्या कँटिलिव्हर ब्रेकच्या खुंट्या रिमपेक्षा हबच्या बाजूला असतात. यू-ब्रेक आणि रोलर-कॅम या दुसऱ्या प्रकारच्या ब्रेकच्या खुंट्या रिमच्या पलीकडे. चेनस्टेच्या खाली, बॉटम ब्रॅकेटजवळ अशा खुंट्या असतील तर फ्रेम बहुधा १९८६ ते १९८८ च्या आसपासची. रोलर-कॅम कनिंगहॅमचाच, तो, पॉट्स आणि मार्क स्लेट यांनी १९८२ मध्ये विल्डरनेस ट्रेल बाइक्स सुरू केली होती. चेनस्टेखालचा ब्रेक चिखलाने भरायचा, म्हणून ही पद्धत लवकर मागे पडली. थोडा काळ टिकलेल्या अशा गोष्टी साल ठरवायला सगळ्यात उपयोगी. डिस्क ब्रेकची पट्टी असलेली '१९८५ ची' फ्रेम कोणी दाखवली तर ती पट्टी नंतर जोडलेली आहे. तिथल्या जोडाची लहर बाकीच्या जोडांशी ताडून बघा.

कोन मोजा. सुरुवातीच्या फ्रेमचा हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा जमिनीशी होणारा कोन, ६७ ते ६९ अंश, चेनस्टे ४५० मिलिमीटरपेक्षा लांब. उतारावर सायकल शांत राहावी म्हणून. १९९० च्या सुमाराला शर्यतींसाठी ७१ आणि ७३ अंशांचे कोन आणि ४२५ च्या आसपासचा चेनस्टे सर्रास झाला.

सीटच्या नळीचं माप वेगळ्या कारणासाठी घ्या. बाहेरचा व्यास २८.६ आणि आत २७.२ चा सीटपोस्ट बसतो, तर फरक १.४, म्हणजे भिंत साधारण ०.७ मिलिमीटर. चांगली, महाग नळी. तीच फ्रेम २६.० चा पोस्ट मागत असेल तर भिंत जाड आहे आणि नळी साधी असण्याची शक्यता जास्त. मग दांडीला टोकापासून मध्यापर्यंत नखाने टिचक्या मारत जा. दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशी बटेड नळी असेल तर मधला आवाज वेगळा, मोकळा येतो. तांगे प्रेस्टिजचा (जपानी बटेड नळ्यांचा) स्टिकर खरा की खोटा हे असं पडताळता येतं.

आणि आता, इथवर आल्यावर, नाव वाचा. ते वाचतानाही साल डोक्यात ठेवा. फिशरचं नाव १९९३ मध्ये ट्रेककडे गेलं, बॉन्ट्रेगरचं १९९५ मध्ये. साल्सा १९९७ मध्ये विकली गेली. आयबिस २००० मध्ये विकली गेली, २००२ मध्ये बंद पडली आणि २००५ मध्ये निकोलने पुन्हा उभी केली. त्यानंतरच्या सायकली वाईट आहेत असं नाही, पण त्या शेडमधल्या त्या माणसाच्या नाहीत. उलटंही घडलं. १९९४ मध्ये फॅट सिटी समरव्हिल सोडून न्यूयॉर्क राज्यात गेली, तेव्हा मागे राहिलेल्या कामगारांनी १९९५ मध्ये इंडिपेंडंट फॅब्रिकेशन सुरू केली. त्या पहिल्या वर्षांतल्या फ्रेमवर नाव नवीन, पण काम फॅट सिटीत तयार झालेल्या हातांचं.

बॉटम ब्रॅकेटखालचा नंबरही वाचा, नुसता जुळवू नका. कारखान्यात अंक एका रेषेत, एका खोलीचे येतात. छोट्या शेडमध्ये एकेक पंच हातोडीने ठोकलेला, एखादा अंक तिरका, एखादा खोल. कधी नंबरच नसतो. नंबर आणि फोटो घेऊन बनवणाऱ्यालाच पत्र लिहा. यांतले बरेच जण अजून काम करतात आणि आपल्या फ्रेमबद्दल आपुलकीने उत्तर देतात.

सगळं करूनही नाव सापडलं नाही तर? अशा अनामिक फ्रेम बऱ्याच निघतात. कोणी दहा बनवून थांबला, कोणी मित्रांसाठीच बनवल्या. बाजारात त्यांना भाव नाही. माझ्यासाठी मात्र सुबक जोडाची निनावी फ्रेम ही निष्काळजीपणे घासलेल्या नामांकित फ्रेमपेक्षा वरची आहे, आणि माझ्या भिंतीवर आज टांगलेली फ्रेम तशीच आहे. चेनस्टेच्या मधल्या फटीतल्या तिच्या ब्राँझच्या लाटा इतक्या एकसारख्या आहेत की बनवणारा या कामात मुरलेला होता, यात मला शंका नाही.

पैसे देण्याआधी, आणि घरी आणल्यावर

हेड ट्यूबच्या मागे दोन-तीन इंचांवर वरच्या आणि खालच्या दांडीच्या पोटाला बोटाचं पेर फिरवा. फुगवटा किंवा रंगाला सुरकुती लागली तर सायकल समोरून धडकलेली आहे. एवढं एक तपासलंत तरी पुष्कळ. मग सीटच्या नळीच्या चिरेचं टोक, चेनस्टे जिथे बॉटम ब्रॅकेटला मिळतात तो भाग, आणि ड्रॉपआउटची मुळं तड्यांसाठी बघा. रंगाखालून गंजाची सरळ बारीक रेघ येत असेल तर तो तडा समजा.

सरळपणा दोऱ्याने तपासता येतो. एका ड्रॉपआउटला दोरा बांधा, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून आणा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. जास्त असेल तर किमतीत उतरवून घ्या किंवा सोडून द्या.

सीटपोस्ट हलतो का हे विकणाऱ्यासमोरच बघा. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट पोलादी नळीत वर्षानुवर्षं राहिला की दोन धातू एकमेकांना धरतात आणि तो काढताना फ्रेम जायची वेळ येते. मॅसॅच्युसेट्सकडून आलेल्या फ्रेमच्या आत टॉर्च मारून बघा. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि गंज आतून खातो. बॉटम ब्रॅकेट काढून फ्रेम उलटसुलट करा, लाल पापुद्रे पडले तर विचार करा.

मूळ रंग असेल तर त्याला हात लावू नका. पोपडे उडालेले असू देत. पावडर कोटिंगचा जाड थर चढला की फिलेटची कड, पंचाचे अंक, वेल्डची लहर सगळं बुजतं, आणि आधी सँडब्लास्ट केलं तर पातळ नळीही खरवडली जाते. साध्या साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, मेण लावा.

आतून मात्र लगेच संरक्षण द्या. डबल बॉइल्ड जवसाचं तेल हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. प्रत्येक नळीच्या हवेच्या भोकातून थोडं सोडा, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जास्तीचं निथळू द्या आणि दोन-तीन दिवस टांगून ठेवा. आत पातळ पापुद्रा धरतो. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून डब्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चुरगळलेल्या चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या उघड्यावर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून मग फेका.